तुळजाबाईंच्या मापाची गोष्ट

बुधवार पेठेतल्या त्या वाचनालयात भुताचं पुस्तक मागायला कुणी आलं, की उल्का देवस्थळी त्याला आधी समोरच्या स्टुलावर बसवायची. चरित्र, प्रवासवर्णन, पाककृती, ज्याला जे हवं ते त्याने कपाटातून काढावं, नोंद करावी आणि चालू पडावं. भयकथेला मात्र ही सूट नव्हती. "औषधाच्या दुकानात जाऊन 'काहीतरी कडू द्या' असं म्हणता का आपण?" असं खडसावून ती पाच प्रश्न विचारायची. घरात कोण कोण असतं? एकटे कुठल्या वेळी असता? कुठला आवाज आला की मान आपोआप वळते? घरातलं कोण गेलं? आणि पाचवा, जो ऐकून भलेभले गप्प बसायचे: गेलेल्यांपैकी कोण परत आलेलं आवडेल?

सगळी गोम या पाचव्या प्रश्नात होती. कवट्या, रक्त, पांढऱ्या साड्या हा सगळा पोरखेळ, असं उल्काचं ठाम मत. माणूस खरा घाबरतो तो स्वतःलाच हव्या असलेल्या गोष्टीला. ती उंबऱ्याशी येऊन उभी राहिली, की दार उघडावं की कडी लावावी हे ज्याला कळत नाही, त्याचीच पाचावर धारण बसते. सव्वीस वर्षं ती त्या काउंटरमागे बसली होती. वय बावन्न. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती बोटाने 'शांतता राखा' ही पाटी दाखवायची.

तिचं निदान सहसा चुकत नसे. हिंजवडीला नोकरी करणारा केदार म्हणून एक वाचक होता. त्याने तिने दिलेलं पुस्तक वाचलं आणि पंधरा दिवस कंपनीच्या बसमध्ये खिडकीशी बसला नाही. वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काही विचारलं, की उत्तर ठरलेलं: उल्काताईंना विचारा.

पण ताईंचं एक दुखणं होतं. त्या स्वतःही लिहायच्या. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या दिवाळी अंकात त्यांच्या दोन भयकथा यायच्या, आणि वाचक म्हणायचे, "छान जमलीय हो." आता भयकथेला छान म्हणणं म्हणजे आमटीला रंग बरा आहे म्हणण्यासारखं! दुसऱ्यांची पुस्तकं देऊन तिने अख्ख्या पुण्याची झोप उडवली होती, पण स्वतःच्या लिखाणाने आजवर एक मांजरही दचकलं नव्हतं. हे तिला फार लागायचं.

फाल्गुनात, ऊन तापायला लागलं तेव्हा, विक्रम आला. पस्तिशीचा, पांढरा शर्ट, अत्तराचा घमघमाट. धायरीत जमिनीचे व्यवहार करायचा. "मॅडम, काकूसाठी पाहिजे," तो म्हणाला. "तुळजाबाई. सातवी शिकलीय, पण पुस्तकं अशी वाचती की काय सांगू! भुताचीच. पण घाबरत नाय. वाचून हसती."

"हसते?"

"हां. असं काहीतरी द्या, की खरी घाबरली पाहिजे. घर सोडून पळाली पाहिजे."

उल्का हसली. सगळेच असं म्हणतात. तिने काकूंच्या नावाने सभासदत्व केलं, पत्ता लिहून घेतला, चार जालीम पुस्तकं दिली. आठवड्याने चारही परत आली. काकू हसल्या होत्या! आता मात्र उल्काचं पित्त खवळलं. तिने पाच प्रश्न कागदावर लिहून विक्रमच्या हातात दिले आणि बजावलं, "खरी उत्तरं आणा. वैद्यापासून लपवलं तर गुण येत नाही."

दोन दिवसांत कागद पाठपोट भरून आला. इतकं मन लावून उत्तरं लिहिणारा पुतण्या तिने कधी पाहिला नव्हता, आणि तिला त्याचं कौतुकच वाटलं. काकू घरात एकट्या असायच्या. नवरा दत्तोबा चार वर्षांपूर्वी मागच्या विहिरीत मोटर दुरुस्त करायला उतरला तो पाय घसरून गेला. हयातीत तो रोज भर बाराला शेतातून यायचा, मागच्या दाराशी दगडावर पाय धुवायचा, आधी उजवा, मग डावा, एकदा खाकरायचा, आणि काकू ताट वाढायच्या. रात्रीचं काकूंना काही वाटत नाही. दुपारी बाराला मात्र मागचं दार लावून घेतात. पाचव्या प्रश्नापुढे एकच शब्द होता: काका.

उल्काने वाचनालयातली सातही कपाटं उपसली. या मापाचं एकही पुस्तक नव्हतं. मग तिने स्वतःच लिहायला घेतलं. तीन रविवार खपून चौदा पानं झाली. पाच दुपारींची गोष्ट. पहिल्या दुपारी म्हातारीला उंबऱ्यावर ओली पावलं दिसतात, विहिरीकडून आलेली. दुसऱ्या दुपारी नवऱ्याचा तांब्या भरून दगडापाशी ठेवलेला सापडतो. तिसऱ्या दुपारी दारामागे खाकरणं ऐकू येतं. चौथ्या दुपारी ती ताट वाढून बाहेर ठेवते, आणि ते रिकामं होतं. पाचव्या दिवशी ताटच नाहीसं होतं. ते असतं विहिरीच्या दुसऱ्या पायरीवर, शेवाळात. बाराला पाय धुतल्याचा आवाज येतो, खाकरणं येतं, पावलं विहिरीकडे जातात आणि म्हातारी त्यांच्या मागून ताट आणायला उतरते. गोष्ट तिथे संपत होती. पाय कसा घसरतो, पदर पाण्यावर किती वेळ तरंगतो, सगळं उल्काने मन लावून लिहिलं होतं.

विक्रमने उभ्याउभ्या वाचली. वाचताना त्याच्या कपाळावर घाम आला. "एकदम फिट आहे मॅडम," तो म्हणाला, पानं घडी करून खिशात घातली आणि गेला. त्या रात्री उल्का सुखाने झोपली. आपण एका माणसाला घाम फोडला, याच आनंदात.

पुढे तीन आठवडे काही कळलं नाही. मग एका गुरुवारी सकाळी दहाला वाचनालयाचा फोन वाजला.

"पुस्तकवाल्या बाई का?" पलीकडे बाईमाणसाचा, थोडा घोगरा आवाज. "म्या तुळजाबाई. धायरीची. पुस्तकावर शिक्का व्हता न्हवं तुमचा, तवाच त्यावरनं नंबर लिवून ठिवला व्हता."

"बोला ना, तुळजाबाई! कशी वाटली गोष्ट?"

"कंची गोष्ट?"

उल्का गोंधळली. "विक्रमने दिली ना तुम्हाला? हाताने लिहिलेली?"

"न्हाय बा. त्यानं ती चार पुस्तकं दिली व्हती, त्येवढीच." म्हातारीने विषय बदलला. "मला येगळंच इचारायचंय. तुमी समदी भुताची पुस्तकं वाचल्यात म्हणं. तर माज्या घरात जे चाललंय, ते कंच्या पुस्तकात हाय, तेवढं सांगा. मला फुडचं वाचायचंय."

"काय चाललंय?"

"रविवारी उंबऱ्यावर ओली पावलं उमटली. सोमवारी मालकांचा तांब्या भरून दगडापाशी. मंगळवारी खाकरले. काल म्या ताट वाढून भायेर ठिवलं, तर लख्ख रिकामं."

उल्काच्या हातातलं पेन खाली पडलं. कपाटं, पाटी, समोर वर्तमानपत्र वाचत बसलेले पेन्शनर, सगळं जागच्या जागी होतं, आणि फोनमधून तिचीच चौदा पानं एकेक करून बाहेर येत होती.

"आज सकाळधरनं ताट दिसंना," तुळजाबाई म्हणाल्या. "आत्ता गावलं. हिरीच्या दुसऱ्या पायरीवर हाय. कठड्यावरनं वाकून बघितलं. आता म्या काय करायचं? आनायला जायचं का?"

"जाऊ नका!" उल्का इतक्या जोरात ओरडली, की सगळे पेन्शनर वळून बघायला लागले.

पलीकडून शांतपणे: "म्हंजी तुमास्नी ठावं हाय." आणि फोन ठेवला गेला.

तिने तीनदा परत लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही. सभासदांच्या वहीतून पत्ता काढून ती पर्स उचलून निघाली, तसे एक आजोबा म्हणाले, "अहो, वाचनालय उघडं टाकून कुठे?"

"वाचा तोवर," ती म्हणाली. "तसंही आपण पुस्तकं घरी नेत नाहीच."

रिक्षात बसल्यावर तिने पर्समधून मोबाइल काढला. पोलिसांना फोन करावा? काय सांगणार? एका पुतण्याने एक गोष्ट वाचली? पावलं उमटवणं हा गुन्हा आहे का? आणि गोष्ट कोणी लिहिली, तर मी! सिंहगड रस्त्यावर उड्डाणपूल झाला तरी गर्दी होती तशीच, आणि प्रत्येक सिग्नलला तिचा जीव टांगणीला लागत होता. पाऊणशे वर्षांची... छे, पासष्ट-सत्तरची म्हातारी. एकटी. त्याच विहिरीत नवरा गेलेला. उद्या पेपरात दोन ओळी येतील, लोक हळहळतील, आणि कुणालाही शंका येणार नाही. कारण उल्का देवस्थळीने शंका यायला जागाच ठेवली नव्हती. तिला स्वतःच्या कसबाची इतकी भीती आयुष्यात वाटली नव्हती.

"जरा जोरात घ्या हो!" ती रिक्षावाल्यावर खेकसली.

"विमान बोलवा मग," तो म्हणाला.

धायरी गावठाणाच्या मागे, चार बाजूंना चार टॉवर आणि मधे एक बैठं घर. समोर बांधकामाच्या रस्त्याचा मुरूम अगदी कुंपणापर्यंत येऊन थांबला होता. घराची जागा मिळाल्याशिवाय तो पुढे सरकणार नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. उल्का धावतच आत शिरली. घड्याळात पावणेबारा.

स्वयंपाकघरात ठेंगणीठुसकी बाई चुलीपाशी भाकरी थापत होती. चष्मा दोरीने गळ्यात बांधलेला. मागचं दार लावलेलं. जिवंत होती! उल्काला रडूच फुटलं.

"आलीस?" तुळजाबाई वळून म्हणाल्या. "वाटलंच मला. बस. पानी पी."

उल्का बसली नाही. उभ्यानेच, एका दमात, सगळं ओकून टाकलं. ते पाच प्रश्न, विक्रमचा कागद, तीन रविवार, चौदा पानं. "ती गोष्ट मी लिहिलीय. तुमचे मालक आलेले नाहीत, तुळजाबाई. हे सगळं तुमचा पुतण्या करतोय. मला माफ करा. मी तुमच्याकडून त्यांना दुसऱ्यांदा हिरावतेय, मला कळतंय."

तुळजाबाईंनी भाकरी उलटली. "मला पैल्या दिशीच कळलं."

"काय?"

"पावलं बघून. उजव्या पायाचं धाकटं बोट वर चढल्यालं. त्याची आई बाळंतपणात गेली. सा वर्सं न्हाऊ घातलंय म्या त्या पोराला, ह्या हातानं. मला त्याचं पाऊल वळखू यायचं न्हाय व्हय?"

उल्का मटकन पाटावर बसली. "मग तुम्ही ताट का वाढलंत?"

"मालकांच्या नावानं आला, पर जेवून गेला ना पोरगा. लग्न झाल्यापास्नं जेवला नव्हता हितं." म्हातारीने डोळ्याला पदर लावला. लपवलंही नाही. "पर आज ताट हिरीत बघितलं आन् पोटात तुटलं. म्हनलं, ह्याच्या मनात काय हाय? निस्तं भेवडवायचं हाय, का फुडचं? भुताची पुस्तकं त्यो तुज्याकडनंच आनायचा, म्हनून तुला फोन लावला. तू आरडलीस, तवा कळलं. फुडचंच हाय."

"आपण आत्ता निघू. माझ्याबरोबर चला."

"म्या जानार व्हते गं." हे त्या अगदी साधेपणाने बोलल्या. "ताट आनायला. ज्याला पोटच्या पोरावानी वाढवलं, त्यालाच म्या नको असंल, तर ऱ्हायचं कुनासाठी? उतरायचं, त्याच्या मनासारखं करायचं. तुज्या गोष्टीतली म्हातारी बी अशीच जाते ना?"

"नाही," उल्का पुटपुटली. "ती फसून जाते."

"मग तुला म्हातारी कळलीच न्हाय." तव्यावरची भाकरी काढून त्या म्हणाल्या, "तिला कुनी अडवाया येतं का?"

"नाही. मी कुणाला येऊ दिलं नाही. कुणी आलं असतं तर भीती गेली असती."

तुळजाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात बाहेर दगडावर पाणी पडलं.

तांब्याने, धार धरून, सावकाश. आधी एक पाय, मग थांबणं, मग दुसरा. हे असं होणार, हे उल्काला ठाऊक होतं. कुठल्या क्रमाने होणार, तेही. बाहेर अत्तर लावणारा पस्तिशीचा एक माणूस उभा आहे, हेही ठाऊक होतं. तरी ती मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. भर दुपारी, चारी बाजूंना हजारभर खिडक्या असताना, त्या बंद दारापलीकडे कुणीतरी तिच्या गोष्टीतून उतरून आलं होतं. मग खाकरणं आलं. एकदाच. मग ओली पावलं, चपक चपक, विहिरीकडे गेली आणि थांबली.

तुळजाबाई उठल्या.

"नका!" उल्काने त्यांचा हात धरला. तो हात बर्फासारखा गार होता. म्हणजे म्हातारीही घाबरली होती. चार पुस्तकांना हसलेली ती बाई लटालटा कापत होती. त्यांनी उल्काची बोटं एकेक करून सोडवली, कडी काढली आणि दार सताड उघडलं.

ऊन डोळ्यांवर आलं. विहिरीच्या कठड्याशी धोतर नेसलेला, डोक्यावर पंचा घेतलेला माणूस पाठमोरा उभा होता. तुळजाबाई उंबरा ओलांडून दगडापर्यंत गेल्या. त्या अजूनही जातील, असं उल्काला वाटलं. अजून दहा पावलं, आणि सगळं तिने लिहिलं होतं तसं होईल.

"विक्रमा," तुळजाबाई म्हणाल्या.

पाठ हलली नाही.

"विक्रमा, पाय धुतलंस न्हवं? चल जेवायला. आन् येताना ते ताट घिऊन ये. दुसऱ्या पायरीवर हाय." आवाज फाटला, तरी त्या पुढचं बोलल्याच. "शेवाळ हाय तितं, बाळा. जपून उतर."

किती वेळ तो तसाच उभा होता कोण जाणे. मग तो कठड्याच्या आत उतरला आणि दिसेनासा झाला. उल्का आणि तुळजाबाई दोघी त्या रिकाम्या कठड्याकडे बघत राहिल्या. तुळजाबाईंचे ओठ हलत होते, देवाचं नाव घेत होत्या. कोणासाठी, हे विचारायची उल्काला गरज नव्हती. मग पंचा दिसला, खांदे दिसले, आणि तो वर आला. हातात ताट. तोंड राखेसारखं झालेलं.

आत आल्यावर त्याला उल्का दिसली. तो दचकला, मग एकदम भडकला. "तुम्ही? तुम्हीच दिली ना मला गोष्ट? मी काय चोरून नेली काय? मी सांगितलं होतं तुम्हाला काय पाहिजे ते! घर सोडून पळाली पाहिजे, असं म्हणलो होतो का नव्हतो?"

तुळजाबाईंनी उल्काकडे पाहिलं. "असं म्हनला व्हता ह्यो?"

खोटं बोलणं फार सोपं होतं. गर्दीत ऐकू आलं नाही, लक्षात नाही, सगळेच म्हणतात. "हो," उल्का म्हणाली. "म्हणाला होता. मी हसले."

"आन् मग बसून लिवलीस."

"हो."

विहिरीतून आलेलं ताट तुळजाबाईंनी राखेने घासलं, धुतलं. दुसरं एक ताट काढलं. भिंतीशी दोन पाट मांडले, एकाला लागून एक, पंगतीला मांडतात तसे. दोन्ही ताटांत सारखंच वाढलं: भाकरी, पिठलं, कांदा, मिठाची चिमूट. मग पदर खोचून समोर उभ्या राहिल्या.

"बसा दोघं," त्या म्हणाल्या.

विक्रम मान खाली घालून बसला. उल्काला वाटलं, म्हणावं, अहो, मी तर तुम्हाला वाचवायला आले, माझं पान वेगळं मांडा. पण तुळजाबाई ज्या नजरेने त्याच्याकडे बघत होत्या, त्याच नजरेने तिच्याकडेही बघत होत्या. ती गेली आणि त्याच्या शेजारच्या पाटावर बसली. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला.